सुपरबाइकचे फॅक्टरी संघ आणि तरुण रायडर

दुकानात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलींवर बेतलेल्या यंत्रांची शर्यत म्हणजे सुपरबाइक शर्यत. मोटोजीपीतील यंत्रे केवळ शर्यतीसाठी घडवली जातात. सुपरबाइकची चौकट आणि इंजिन मात्र ग्राहकाला मिळणाऱ्या गाडीचेच असते आणि नियम देतील तेवढीच सुधारणा त्यांत करता येते. या शर्यतींत उतरणारे संघ दोन प्रकारचे असतात. खासगी संघ गाडी आणि सुटे भाग विकत घेतो आणि प्रायोजकाच्या पैशावर हंगाम काढतो. फॅक्टरी संघामागे स्वतः उत्पादक कंपनी उभी असते. नवे भाग, इलेक्ट्रॉनिक प्रणाली आणि त्या जाणणारे इंजिनिअर आधी या संघाकडे येतात आणि रायडरला मानधन मिळते. खासगी संघात अनेकांना जागेसाठी स्वतःच प्रायोजक आणावा लागतो. त्यामुळे विशीतल्या रायडरच्या आयुष्यात फॅक्टरी संघाच्या कराराएवढा निर्णायक टप्पा दुसरा नसतो.

ही जागा कोणाला मिळते हे केवळ वेगावर ठरत नाही. कंपनीला कोणत्या देशात गाड्या विकायच्या आहेत, नियम कोणत्या इंजिनाला झुकते माप देतात आणि निवड कोणाच्या हाती आहे, या तीन गोष्टींनी गेल्या पन्नास वर्षांत तरुण रायडरांची वाट कधी मोकळी केली, तर कधी अडवली. सुपरबाइकमधील तरुणांचा इतिहास या तीन गोष्टींच्या आधारेच नीट समजतो.

डेटोना आणि आयातदारांचा काळ

मार्च १९७६ मध्ये फ्लोरिडातील डेटोना येथे अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या (एएमए) राष्ट्रीय सुपरबाइक स्पर्धेची पहिली शर्यत झाली. बीएमडब्ल्यूच्या आर ९० एस या मोटरसायकलवर स्टीव्ह मॅकलॉफ्लिन आणि रेग प्रिडमोर जवळजवळ एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचले. छायाचित्र पाहून मॅकलॉफ्लिनला विजयी ठरवण्यात आले. वर्षअखेरीचे विजेतेपद प्रिडमोरने मिळवले. या गाड्या बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतील मुख्यालयाने नव्हे, तर बटलर अँड स्मिथ या अमेरिकेतील आयातदाराने उतरवल्या होत्या. आपण विकतो ती गाडी वेगवान आहे हे गिऱ्हाइकाला दाखवणे, हा त्यामागचा उघड हेतू होता.

त्या पहिल्या वर्षांत तरुणांना खास स्थान नव्हते. प्रिडमोर पस्तिशी ओलांडलेला होता. १९७७ मध्ये डेटोनाची सुपरबाइक शर्यत डुकाटीवर जिंकणारा कुक नीलसन हा ‘सायकल’ या मोटरसायकलविषयक मासिकाचा संपादक होता आणि त्याची गाडी त्याच्याच मासिकातील सहकारी फिल शिलिंग याने तयार केली होती. नोकरी सांभाळून शर्यतीत उतरणाऱ्या जाणत्या लोकांचा हा खेळ होता.

चित्र पालटले ते जपानी कंपन्यांमुळे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कावासाकी, सुझुकी आणि होंडा या तिघांच्याही मोठ्या चार सिलिंडरी गाड्या अमेरिकेच्या बाजारात एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. सुझुकीच्या बाजूने हिदेओ योशिमुरा, म्हणजे सर्वांचे ‘पॉप्स’, इंजिने बांधत होते. त्यांच्या जीएस १००० वर वेस कूलीने १९७९ आणि १९८० ची विजेतेपदे मिळवली. माइक बाल्डविनसोबत कूलीने १९७८ ची पहिली सुझुका आठ तासांची शर्यतही योशिमुराच्या गाडीवर जिंकली होती. इंजिन बांधणारा ट्यूनर आणि रायडर यांची जोडी ही सुपरबाइकची खरी ताकद असते, हे या काळात पक्के झाले.

स्पेन्सर आणि लॉसन

१९८० मध्ये अमेरिकन होंडा या स्पर्धेत उतरली आणि तिने लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या फ्रेडी स्पेन्सरला करारबद्ध केले. त्याचा जन्म डिसेंबर १९६१ चा, म्हणजे करार झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तो नवखा नव्हता. लहानपणापासून मातीच्या लंबगोल धावपट्टीवर तो गाडी चालवत आला होता आणि १९७९ मध्ये कावासाकीवर सुपरबाइक शर्यती जिंकून त्याने आपला वेग दाखवला होता. एएमए सुपरबाइकमधील होंडाचा पहिला विजय त्यानेच मिळवून दिला.

त्या काळच्या सुपरबाइक आजच्या मानाने रांगड्या होत्या. इंजिन हजार सीसीच्या घरातले, हँडल दुकानातल्या गाडीसारखेच उंच आणि रुंद, चौकट मात्र एवढी ताकद पेलण्याइतकी ताठ नव्हती. वेगवान वळणात पूर्ण गाडी डुलू लागे आणि मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरे. मातीवर वाढलेल्या मुलांना या घसरण्याची भीती नव्हती. मागचे चाक घसरत असतानाच थ्रॉटल उघडा ठेवून गाडी वळवणे हे त्यांचे रोजचे काम होते. अमेरिकन तरुण या स्पर्धेत एकदम पुढे आले, त्याचे मोठे कारण हेच.

कॅलिफोर्नियाचा एडी लॉसन याच मुशीतून आलेला. कावासाकीने त्याला १९८० मध्ये संघात घेतले आणि रॉब मझी याने तयार केलेल्या गाडीवर त्याने १९८१ आणि १९८२ ची विजेतेपदे जिंकली. कावासाकीने लगेच त्याच्या शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी हिरवी केझेड १००० आर ही मोटरसायकल बाजारात आणली. ती आजही लॉसनच्या नावाने ओळखली जाते. तरुण रायडरवर आयातदार पैसा का लावतो याचे याहून स्पष्ट उत्तर सापडत नाही: रविवारच्या विजयाने सोमवारपासून विक्रीला हातभार लागत असे.

राष्ट्रीय संघातून हे दोघेही ग्रांप्रीत, म्हणजे आजच्या मोटोजीपीत, गेले. स्पेन्सर १९८३ मध्ये ५०० सीसी गटाचा त्या वेळचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला, तर लॉसनने पुढे तेच विजेतेपद चार वेळा पटकावले. सुपरबाइकचा फॅक्टरी संघ ही जागतिक शर्यतीची शाळा आहे, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली.

७५० सीसीचा नियम

१९८३ मध्ये एएमएने चार सिलिंडरी गाड्यांची मर्यादा ७५० सीसीवर आणली. त्याच वर्षी वेन रेनीने कावासाकीवर विजेतेपद जिंकले आणि लगोलग कावासाकीने आपला संघ बंद केला. राष्ट्रीय विजेता एका रात्रीत बिनजागेचा झाला. फॅक्टरी संघातील जागा कितीही मानाची असली, तरी ती कंपनीच्या अंदाजपत्रकावर उभी असते, हे तरुण रायडरांना रेनीच्या उदाहरणाने दाखवून दिले. होंडाच्या व्हीएफआर ७५० वर त्याने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते १९८७ मध्ये.

त्या १९८७ च्या हंगामातील त्याचा प्रतिस्पर्धी होता टेक्सासचा केविन श्वांत्झ. १९८४ च्या अखेरीस योशिमुरा सुझुकीने त्याला चाचणीसाठी गाडी दिली आणि लगेच करार केला. संघाकडून उतरलेल्या पहिल्याच स्पर्धेत, १९८५ मध्ये विलो स्प्रिंग्ज येथे, त्याने दोन्ही टप्पे जिंकले. त्याच्या हातातली सुझुकी तेव्हा जुनी झालेली होती, त्यामुळे त्या विजयाचे मोल अधिक. १९८७ च्या उत्तरार्धात श्वांत्झने जास्त शर्यती जिंकल्या, पण वर्षभर सातत्य राखून विजेतेपद रेनीने नेले. दोघांतली ही चुरस पुढे ५०० सीसी ग्रांप्रीत गेली. तिथे रेनीने १९९० ते १९९२ अशी सलग तीन आणि श्वांत्झने १९९३ मध्ये एक विजेतेपद मिळवले. एका राष्ट्रीय स्पर्धेतून दहा-बारा वर्षांत चार जगज्जेते घडले.

जागतिक स्पर्धा

डेटोनाची पहिली शर्यत जिंकणारा स्टीव्ह मॅकलॉफ्लिन हाच पुढे जागतिक सुपरबाइक स्पर्धेचा कर्ता ठरला. तिची पहिली फेरी ३ एप्रिल १९८८ रोजी इंग्लंडमधील डोनिंग्टन पार्क येथे झाली. एका शर्यतीत बिमोटावर दाविदे तार्दोझी, तर दुसऱ्यात डुकाटीवर मार्को लुकिनेल्ली जिंकला. पहिली दोन विजेतेपदे मात्र इटलीतील रूमी संघाच्या होंडा आरसी ३० वर फ्रेड मर्केल या अमेरिकनाने मिळवली. तोही एएमए सुपरबाइक तीनदा जिंकून आलेला होता.

चार सिलिंडरी इंजिनाला ७५० सीसी आणि दोन सिलिंडरी इंजिनाला १००० सीसी ही मर्यादा जागतिक स्पर्धेतही होती. तिचा सर्वाधिक लाभ बोलोन्याच्या डुकाटीला झाला. जपानी कंपन्यांच्या तुलनेत फारच लहान असलेल्या या कारखान्याने १९९० मध्ये रेमों रोश आणि १९९१ व १९९२ मध्ये डग पोलन यांच्या हातून विजेतेपदे मिळवली. १९९४ मध्ये ९१६ ही गाडी आल्यावर कार्ल फोगार्टीने चार विजेतेपदांची कारकीर्द सुरू केली. डुकाटीची आणि पर्यायाने तिच्या संघातील जागेची प्रतिष्ठा या दशकात वाढली.

निवडीच्या वाटाही आता अनेक झाल्या. एक वाट होती ‘वाइल्ड कार्ड’ची. जागतिक स्पर्धा ज्या देशात जाते तिथल्या स्थानिक रायडरला त्या एका फेरीपुरता प्रवेश मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या अँथनी गोबर्टने १९९४ मध्ये फिलिप आयलंड येथे एकोणिसाव्या वर्षी अशीच शर्यत जिंकली आणि पुढच्या हंगामात तो कावासाकीच्या संघात होता. दुसरी वाट राष्ट्रीय स्पर्धांतून जाणारी. ट्रॉय कॉर्सरने १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे आणि १९९४ मध्ये डुकाटीवर अमेरिकेचे विजेतेपद जिंकले, १९९५ मध्ये जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला आणि १९९६ मध्ये चोविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला.

वय हीच एकमेव पात्रता होती असे मात्र नाही. २००० मध्ये फोगार्टी फिलिप आयलंडला जबर जखमी झाला, तेव्हा डुकाटीने अमेरिकेत शर्यती करत असलेल्या ट्रॉय बेलिसला बोलावले. तेव्हा तिशी ओलांडलेला हा ऑस्ट्रेलियन मोटारी रंगवण्याचे काम करत उशिरा या खेळात आला होता. त्याने २००१, २००६ आणि २००८ अशी तीन विजेतेपदे जिंकली. अचानक रिकामी झालेली जागा ही फॅक्टरी संघात शिरण्याची जुनी आणि आजही चालू असलेली वाट आहे.

ब्रिटनच्या जेम्स टोसलंडची चढण अधिक शिस्तशीर होती. १९९७ मध्ये एकाच प्रकारच्या साध्या गाड्यांची होंडा सीबी ५०० कप स्पर्धा जिंकल्यावर होंडाने त्याला पुढच्याच वर्षी सुपरस्पोर्ट या लहान इंजिनांच्या जागतिक स्पर्धेत उतरवले. २००१ पासून त्याने खासगी डुकाटी संघात तीन हंगाम काढले आणि २००४ मध्ये तो फॅक्टरी संघात आला. त्या वर्षी सर्वांना पिरेलीचे एकच टायर सक्तीचे झाले आणि जपानी कंपन्यांचे अधिकृत संघ दूर राहिले. विजेतेपदाची लढत डुकाटीच्या दोघा सहकाऱ्यांत, टोसलंड आणि रेजिस लाकोनी यांच्यात, अखेरच्या फेरीपर्यंत रंगली. ती जिंकून टोसलंड तेविसाव्या वर्षी तोवरचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला.

अमेरिकेतील उत्तरार्ध

केंटकीतील ओवेन्सबरोचा निकी हेडन हा मातीच्या धावपट्टीवरून फॅक्टरी संघात आलेल्यांपैकी सर्वांत लाडका रायडर. जुलै १९८१ मध्ये जन्मलेल्या हेडनने १९९९ मध्ये होंडावर ६०० सीसी सुपरस्पोर्टचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि २००० मध्ये अमेरिकन होंडाने त्याला सुपरबाइकवर बसवले. पहिल्याच हंगामात त्याने दुसरा क्रमांक मिळवला. २००२ मध्ये डेटोना २०० ही शर्यत आणि राष्ट्रीय विजेतेपद हे दोन्ही त्याच्या नावावर लागले. पुढच्या वर्षी तो मोटोजीपीत गेला आणि २००६ मध्ये जगज्जेता झाला. २०१६ मध्ये तो जागतिक सुपरबाइकमध्ये परतला व सेपांग येथे जिंकला. मे २०१७ मध्ये इटलीत सायकल चालवताना झालेल्या अपघातात त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतरचे ठळक नाव बेन स्पीज. योशिमुरा सुझुकीत त्याचा सहकारी होता मॅट म्लाडिन. या ऑस्ट्रेलियन रायडरने हे राष्ट्रीय विजेतेपद एकूण सात वेळा जिंकले. दोघांच्या हाती सारखीच गाडी असल्यामुळे हरण्याला सबब उरत नाही. म्हणूनच संघातला सहकारी हाच रायडरचा पहिला प्रतिस्पर्धी मानला जातो. २००५ मध्ये म्लाडिनच्या मागे राहिलेल्या स्पीजने २००६ ते २००८ अशी सलग तीन विजेतेपदे त्याच्याकडून हिरावली. २००९ मध्ये यामाहाने त्याला जागतिक स्पर्धेत नेले. अनेक ट्रॅक त्याने आयुष्यात प्रथमच पाहिले होते, तरी त्याने १४ शर्यती जिंकल्या आणि पोर्तुगालमधील शेवटच्या फेरीत नोरियुकी हागाला मागे टाकून पदार्पणातच विजेतेपद मिळवले.

त्याच सुमारास अमेरिकेतील ही शाळा ओस पडू लागली. २००८ मध्ये एएमए शर्यतींचे हक्क दुसऱ्या व्यवस्थापनाकडे गेले, मंदीने मोटरसायकलींची विक्री घटली आणि होंडा व कावासाकी यांनी फॅक्टरी संघ मागे घेतले. २०१५ पासून वेन रेनी याच्या पुढाकाराने मोटोअमेरिका ही नवी स्पर्धा सुरू झाली आणि घडी काहीशी बसली. तिथूनच गॅरेट गर्लॉफ यामाहाच्या अमेरिकन संघामार्गे २०२० मध्ये जागतिक स्पर्धेत पोहोचला. पण तीन-चार जपानी आयातदार एकाच वेळी तरुण रायडर शोधत आहेत, असे दिवस पुन्हा आले नाहीत.

पायऱ्यापायऱ्यांची चढण

युरोपात दरम्यान शिडी तयार झाली होती. जागतिक सुपरबाइकच्या जोडीने भरणाऱ्या सुपरस्टॉक आणि सुपरस्पोर्ट स्पर्धांत संघांचे अधिकारी तरुणांना वर्षभर डोळ्यांसमोर पाहू लागले. उत्तर आयर्लंडचा जोनाथन रे ब्रिटिश सुपरबाइक आणि जागतिक सुपरस्पोर्ट या दोन्ही ठिकाणी उपविजेता राहून २००९ मध्ये होंडाच्या टेन केट संघात आला. सहा वर्षे तिथे काढल्यावर २०१५ मध्ये तो कावासाकीत गेला आणि त्याने सलग सहा विजेतेपदे जिंकली. गुणवान रायडरलाही योग्य यंत्र मिळेपर्यंत किती थांबावे लागते, हे त्याच्या कारकिर्दीवरून दिसते.

रेची मालिका खंडित करणारा तोप्राक राझगातलिओग्लू तुर्कस्तानच्या अलान्याचा. वडील आरिफ एका चाकावर गाडी चालवण्याच्या कसरतींसाठी प्रसिद्ध होते, तर मार्गदर्शक होता जागतिक सुपरस्पोर्टचा विजेता केनान सोफुओग्लू. २०१५ मध्ये त्याने युरोपीय सुपरस्टॉक ६०० जिंकली. २०१७ मध्ये सुपरस्टॉक १००० मध्ये डुकाटीच्या मिकेले रुबेन रिनाल्दीमागे तो दुसरा आला. २०१८ मध्ये पुचेत्ती या खासगी कावासाकी संघातून तो सुपरबाइकमध्ये उतरला आणि २०१९ मध्ये मॅन्यी-कूर येथे त्याने पहिला विजय नोंदवला. त्याच वर्षी सुझुका आठ तासांच्या शर्यतीसाठी कावासाकीच्या मुख्य संघात त्याचे नाव होते, पण त्याला गाडी चालवायला मिळाली नाही. पुढच्या हंगामात तो यामाहाच्या फॅक्टरी संघात होता आणि तिथली पहिलीच शर्यत त्याने जिंकली. २०२१ मध्ये यामाहाला आणि २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूला त्याने विजेतेपद मिळवून दिले. बीएमडब्ल्यूचे ते या स्पर्धेतील पहिलेच.

रिनाल्दीलाही २०२१ मध्ये डुकाटीच्या मुख्य संघात जागा मिळाली. सुपरस्पोर्टचा विजेता अँड्रिया लोकातेल्ली त्याच वर्षी यामाहात आला. निकोलो बुलेगाने २०२३ ची सुपरस्पोर्ट स्पर्धा डुकाटीवर जिंकून २०२४ मध्ये सुपरबाइकमधील आपली पहिलीच शर्यत जिंकली.

संघातील पहिले दिवस

आजचे फॅक्टरी संघ कंपनीच्या आवारात क्वचितच असतात. यामाहाचा संघ इंग्लंडच्या क्रेसेंट रेसिंगने, बीएमडब्ल्यूचा शॉन म्यूर रेसिंगने, डुकाटीचा इटलीच्या फील रेसिंगने, तर कावासाकीचा २०२४ पर्यंत स्पेनमधील प्रोव्हेकने चालवला आहे. त्यामुळे नव्या रायडरला दोन घरांत सामावून जावे लागते: रोज सोबत काम करणारा संघ आणि दूरवरची कंपनी.

हंगामापूर्वी हेरेथ किंवा पोर्तिमाओ येथे चाचण्या होतात. सुरुवात अंगाला गाडी बसवण्यापासून होते. सीटची उंची, फूटरेस्टची जागा, हँडलचा कोन आणि ब्रेक लिव्हरचे बोटांपासूनचे अंतर हे सगळे रायडरच्या मापाने ठरते. मग काही फेऱ्या मारून तो गॅरेजमध्ये येतो आणि क्रू चीफला वळणाचे तीन भाग करून सांगतो: शिरताना पुढचे चाक काय करते, मध्यावर गाडी रेषा धरते का, बाहेर पडताना मागचा टायर कुठे घसरतो. शेजारी डेटा इंजिनिअर त्याच्या ब्रेकच्या दाबाचा आणि थ्रॉटलचा आलेख सहकाऱ्याच्या आलेखावर ठेवून पाहतो. सहकारी जिथे दहा मीटर पुढे जाऊन ब्रेक लावतो, ते पडद्यावर लपत नाही.

तरुणांना सर्वांत कठीण जाते ते टायर जपणे. ताज्या टायरवर एक फेरी वेगात मारणे अनेकांना जमते. अखेरच्या पाच फेऱ्यांत झिजलेल्या टायरवर तोच वेग टिकवायचा, तर सुरुवातीपासून थ्रॉटल हळुवार उघडावा लागतो. २०१९ पासून स्पर्धेच्या प्रत्येक ठिकाणी दोन पूर्ण शर्यतींखेरीज रविवारी सकाळी दहा फेऱ्यांची छोटी शर्यतही असते. दोन दिवसांत दोन वेगळ्या पद्धतींनी गाडी चालवण्याचे हे शिक्षण फार लवकर घ्यावे लागते, कारण बहुतेक करार एक-दोन वर्षांचेच असतात.

जोखीम आणि आजची वाट

या खेळाने तरुणांचे प्राणही घेतले आहेत. यामाहाचा यासुतोमो नागाई १९९५ मध्ये आसेन येथील अपघातानंतर दगावला. सप्टेंबर २०२१ मध्ये हेरेथ येथे सुपरस्पोर्ट ३०० च्या शर्यतीत १५ वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस मरण पावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक शर्यतींसाठी किमान वयाच्या अटी कडक केल्या. लवकर संधी देणे आणि पोरवयातल्या जिवाला धोक्यात घालणे यांत फरक केलाच पाहिजे, ही जाणीव खूप उशिरा आली, पण ती योग्यच आहे.

आज फॅक्टरी संघांतील जागा मोजक्याच आहेत आणि त्यांवर मोटोजीपीतून येणाऱ्यांचाही दावा असतो. अल्वारो बाउतिस्ता २०१९ मध्ये चौतिसाव्या वर्षी तिथूनच डुकाटीत आला आणि २०२२ व २०२३ चा जगज्जेता झाला. होंडाने २०२२ मध्ये इकेर लेकुओना आणि चावी व्हिएर्गे या दोघांनाही ग्रांप्रीच्या गटांतूनच घेतले. देशोदेशीच्या आयातदारांनी स्वतः हेरून मुले वर आणण्याची पद्धत जवळपास संपली आहे. तिच्या जागी सुपरस्पोर्टसारख्या स्पर्धांची एकच शिडी उरली असून बहुतेक सगळे तरुण तिच्यावरूनच चढतात. स्पेन्सर आणि श्वांत्झ यांना एखाद्या आयातदाराने किंवा ट्यूनरने पाहून लगेच गाडी दिली होती. आजच्या रायडरला तीच गाडी मिळवण्यासाठी आधी विजेतेपदे दाखवावी लागतात.